ओब्लिक टाकासाठी पितळी फ्लँज घरी बनवणं: पत्रा, कोन आणि निबची बैठक

पितळपत्रा (इंदूर)

कॉपरप्लेट, म्हणजे टोकदार निबने लिहायचं तिरकं इंग्रजी वळण, शिकणाऱ्यांची एक तक्रार इथे सारखी वाचायला मिळते. खाली येणारी रेघ जाड करायला गेलं की निब खरखरते, रेघेची एक कड गुळगुळीत येते आणि दुसरी दातेरी. उत्तरं मिळतात ती सरावाची, नाहीतर कागद आणि शाई बदलण्याची. माझं मत असं की पुष्कळदा दोष फ्लँजचा असतो. आणि फ्लँज ही वस्तू बोटभर पितळी पत्र्यातून घरच्या घरी बनते, तीही आपल्या हाताला आणि आपल्या निबला बेतलेली. म्हणून हा धागा.

ज्यांनी ओब्लिक टाक पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या टाकात निब दांड्याच्या तोंडात सरळ खोचलेली असते. ओब्लिकमध्ये दांड्याच्या डाव्या अंगाने पितळेची एक पट्टी बाहेर येते आणि निब तिच्यात, दांड्याशी कोन करून बसते. ती पट्टी म्हणजे फ्लँज. कॉपरप्लेटची अक्षरं ओळीशी ५५ अंशांवर झुकतात, स्पेन्सरियनची ५२ अंशांवर. आता टोकदार निबचा स्वभाव बघा. टोकातल्या चिरेच्या दिशेने ओढत दाब दिला तर चिरेच्या दोन्ही बाजूंच्या पाकळ्या सारख्या फाकतात आणि रेघ भरीव उमटते. दाब तिरका पडला तर एक पाकळी सगळा भार घेते आणि दुसरी नुसती घासत येते. दातेरी कड येते ती इथून. उजव्या हाताने सरळ टाक धरला तर चीर ५५ अंशांवर आणायला मनगट पिळावं लागतं, नाहीतर कागद खूप फिरवावा लागतो. फ्लँज असला की हे पिळणं मनगटाऐवजी पत्रा करतो.

बाजारातल्या स्वस्त प्लास्टिकच्या ओब्लिकमध्ये पकड एकाच मापाची असते. निक्को जी या निबचा बुंधा रुंद, गिलॉट ३०३ ही निब त्याहून बारीक. एकीला घट्ट होणारी पकड दुसरीला डुगडुगते. डुगडुगणाऱ्या निबने चांगली रेघ येणं अशक्य, मग हात कितीही तयार असो.

पत्रा २८ गेजचा घ्या, म्हणजे साधारण ०.३८ मिमी. २६ गेज (०.४६ मिमी) टिकतो, पण लिहिता लिहिता बोटांनी कोन जुळवायचा तर तो दाद देत नाही. ३० गेज (०.३१ मिमी) दाबाखाली लवतो आणि जाड रेघेच्या मध्यावरच निबची दिशा बदलते. इंदूरवाल्यांनी कसेरा बाजारात भांड्यांच्या दुकानांत विचारावं, कापून उरलेले तुकडे वजनावर देतात. सोनारी आरी, बारीक कानशी आणि गोल तोंडाचा चिमटा सराफ्यात. दुकानं मिटायच्या आत जा, कारण रात्री तिथे भुट्ट्याचा कीस आणि गराडूवाल्यांची गर्दी असते आणि हत्यारांची चौकशी करायला कुणीच सापडत नाही.

माप पुस्तकातून घेऊ नका, निबवरून घ्या. कागदाची अरुंद पट्टी निबच्या बुंध्याभोवती गुंडाळा आणि कडेपासून कडेपर्यंतचा बाक मोजा. त्यात दोन्ही बाजूंना दीड-दीड मिमी वाढवा, ही झाली फ्लँजच्या पंखाची रुंदी. शेपटी, म्हणजे दांड्याच्या खाचेत जाणारा भाग, सहा-सात मिमी रुंद आणि पंधरा मिमी लांब पुरते. दोहोंच्या मधला भाग निमुळता ठेवा, एकदम काटकोनात कापू नका. काटकोनाच्या कोपऱ्यात पत्रा पुढे तडकतो. आधी जाड कागदाचा नमुना कापून दांड्याला लावून बघा, मग तो पितळेवर ठेवून सुईने आखा. कातरीने कापलं की कडा वळतात, त्या लाकडी मोगरीने सपाट करून घ्या. त्यानंतर कानस. कडा बोटाला लागणार नाहीत इतक्या मोडा, कारण लिहिताना तर्जनी या पट्टीच्या अगदी जवळ असते.

मग ताव द्यायचा. बाजारातला पत्रा लाटून कडक झालेला असतो. तसाच वळवला तर बाहेरच्या अंगाला बारीक भेगा पडतात. खोलीतला दिवा मालवा, पंखाचं टोक गॅसच्या ज्योतीवर धरा, आणि अंधारात जेमतेम दिसेल असा मंद लाल रंग आला की काढून पाण्यात टाका. पितळ पाण्यात टाकल्याने कडक होत नाही, पोलादाची गोष्ट वेगळी. शेपटी पक्कडीत धरा म्हणजे तिकडे ताव कमी पोचेल. शेपटी आणि मधला भाग कडकच हवा.

वळवण्यासाठी ड्रिलच्या पात्याचा गुळगुळीत दांडा वापरा, निबच्या बाकाहून किंचित बारीक. पत्रा सोडला की थोडा उघडतोच, तेवढी सूट आधी धरायची. पंख निबच्या पाठीवर बसेल असा वळवा आणि दोन्ही कडा निबच्या कडांवरून आत किंचित दुमडा. निब पुढून सरकवली तर बोटाने ढकलावी लागेल, पण पक्कड लागणार नाही, एवढी पकड हवी.

राहिला कोन. खरं काम हेच, म्हणून जरा सविस्तर. आलेख कागदावर एक सरळ रेघ मारा आणि दांडा तिच्यावर असा ठेवा की दांड्याचा मध्य रेघेवर येईल. वरून बघताना निबचं टोक त्याच रेघेवर पडलं पाहिजे. बुंधा डावीकडे गेलेला, पण टोक परत मध्यावर आलेलं. हे का, तर टोक मध्याच्या डावीकडे राहिलं की दाब दिल्यावर दांडा बोटांत फिरू पाहतो. तो फिरू नये म्हणून तुम्ही नकळत मूठ आवळता, आणि पानभर लिहून झालं की अंगठा दुखतो. टोक मध्यावर असेल तर दाब सरळ खाली जातो आणि दांड्याला फिरायला कारणच उरत नाही. खात्री करायची तर दांडा दोन बोटांत हलके फिरवा. टोक जागच्या जागी फिरलं पाहिजे, गोल काढत भटकता कामा नये.

बाजूनेही एकदा बघा. निब कागदाला फार उभी लागली तर वर जाताना टोक कागदात रुततं आणि शाईचे शिंतोडे उडतात. आणि समोरून डोळ्यांच्या पातळीवर धरा. दोन्ही पाकळ्या कागदाला एकदम टेकल्या पाहिजेत. एक आधी टेकत असेल तर फ्लँज मुळाशी धरून अगदी थोडा पिळा. केसभर फरकाने रेघ बदलते.

फोटो सावकाश टाकतो. प्रश्न विचारा.


रामबागवाला (इंदूर)

धागा उत्तम. वाचनखूण साठवली. एक शंका. एवढं सगळं करतोच आहोत तर निबच का बनवू नये? पत्रा आहे, कानस आहे.


पितळपत्रा

रामबागवाले, टोकदार निब घरी करून बघायला माझा विरोध नाही, पण पितळेची तर नकोच. पितळेला तेवढी लवचीकता नाही. दाबली की फाकेल आणि फाकलेलीच राहील. त्याला पोलाद हवं. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत एकोणिसाव्या शतकात जे चालायचं ते बघितलं की अंदाज येतो. पोलादाची पट्टी लाटून पातळ करायची, दाबयंत्रावर निबचे तुकडे पाडायचे, मधलं भोक पाडायचं, नरम करायचं, नाव ठोकायचं, बाक द्यायचा, मग तापवून तेलात बुडवून कडक करायचं, पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा काढायचा, घासून चकचकीत करायचं, टोकाजवळ आडवं-उभं सहाणेवर घासायचं आणि सगळ्यात शेवटी चीर पाडायची. जोसेफ गिलॉटचा तिथला व्हिक्टोरिया वर्क्स १८४० चा. या कामांत बायकांची संख्या फार मोठी होती, आणि एकेक बाई दिवसभर एकच क्रिया करायची. केसासारखी चीर बरोबर मध्यावर पाडणं हे हातकानशीचं काम नाही. ते कौशल्य त्या यंत्रात आणि त्या हातांत होतं.

म्हणून निब विकत घ्या. निक्को जी, झेब्रा जी, हंट १०१, लिओनार्ड प्रिन्सिपल, जी हाताला बसेल ती. नवशिक्यांना मी निक्को जी सुचवीन, कारण ती कडक आहे आणि चुकलेल्या दाबाला लगेच फाकत नाही. दांडा आणि फ्लँज मात्र स्वतःचा करा.


अनुस्वार (ग्वाल्हेर)

पितळपत्रा दादा, तुमच्याच पद्धतीने केला. वळला सुरेख, भेग नाही. पण जाड रेघ काढताना पंख उघडतो आणि निब मागे सरकते. ताव दिल्यामुळे पत्रा मऊच राहिला का? परत कडक कसा करायचा? पोलादासारखं पाणी पाजता येतं का?


चिमटा (इंदूर)

मध्येच बोलतो, कारण आमच्या घरी सराफीचं काम आहे आणि हा प्रश्न रोजचा आहे.

ताई, पितळेला पाणी पाजून कडक करता येत नाही. पितळ, तांबं, चांदी ही सगळी मार खाऊनच कडक होतात. ठोका, वळवा, घोटा. वळवताना थोडा कडकपणा आपोआप येतो, पण तुम्ही एकाच हिसक्यात वळवला असेल तर तो पुरेसा आला नसणार. असं करा. पंख ड्रिलच्या दांड्यावर तसाच चढवून ठेवा आणि छोट्या गुळगुळीत हातोडीने वरून हलके हलके ठोका, सगळीकडे सारखं. पत्रा चेपायचा नाही, नुसता दांड्यावर बसवायचा. मग घोटणीने, नाहीतर स्टीलच्या चमच्याच्या पाठीने, दाबून घोटा. बोटाला फरक कळेल, पत्रा टणक वाजायला लागतो.

दुसरी शंका अशी की ताव जास्त झाला असेल. मंद लाल दिसताक्षणी काढायचा. नारिंगीपर्यंत नेला तर आतले कण मोठे होतात, वळवल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो, आणि असा पत्रा कितीही ठोका, नीट ताठ राहत नाही. भिंगातून बघा. साल दिसली तर तो तुकडा सोडून द्या.

आणि सगळ्यांसाठीच एक सूचना. पितळ तापवताना पांढरा धूर दिसला तर ताबडतोब ज्योत बंद करा आणि खिडकी उघडा. तो जस्ताचा धूर. पितळेत साधारण एक तृतीयांश जस्त असतं आणि फार तापलं की ते उडू लागतं. हा धूर ओढला की रात्री हुडहुडी भरते आणि अंग तापतं. ताव देण्यासाठी तेवढ्या उष्णतेची गरजच नाही. बंद स्वयंपाकघरात हे काम करू नका.


अनुस्वार (ग्वाल्हेर)

चिमटा दादा, भिंगातून बघितलं, साल आहेच! आमच्या खोलीत ट्यूबलाइट चालू होती, म्हणून लाल रंग उशिरा दिसला. उद्या दिवा बंद करून नव्या तुकड्यावर करते.


बोरू_आणि_दौत (वडोदरा)

धागा वाचतोय आणि आवडतोय. पण एक मुद्दा मांडल्याशिवाय राहवत नाही. आपण मराठी मंडळी पितळ कापत बसलोय ती ५५ अंशांच्या इंग्रजी वळणासाठी. आपल्या अक्षराला या फ्लँजचा उपयोग काय? देवनागरी रुंद तोंडाच्या लेखणीची, बोरूची. तिथे जाड-बारीक दाबाने येत नाही, काप कोणत्या कोनात धरला त्याने येतं. रोमनच्या रुंद निबची कड डावीकडून उजवीकडे वर चढत धरतात. आपल्या जुन्या वळणात ती उलटी, डावीकडून उजवीकडे उतरणारी. म्हणून बोरूचा कापही उलटा. होळकर, शिंदे, गायकवाड, तिन्ही दरबारांच्या दप्तरात मोडीचे रुमालच्या रुमाल आहेत, सगळे बोरूचे. टोकदार निब आणि तिरका टाक ही त्या हाताची गरज कधीच नव्हती.


पितळपत्रा

बोरूसाहेब, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि मी ते खोडणार नाही. बोरूच्या वळणाला फ्लँज लागत नाही. ज्यांना देवनागरीच लिहायची आहे त्यांनी सरळ टाक नाहीतर बोरूच घ्यावा. टोकदार निबने देवनागरी लिहिली तरी दंड आणि काना उभे असतात, तिथेही सरळ टाक पुरतो.

पण एक सांगतो. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं लग्नपत्रिकेच्या लिफाफ्यांवर नावं लिहून द्यायचं काम घेतात, आणि इंदुरात ती नावं अर्धी इंग्रजीत असतात. त्या मुलांनी मनगट पिळून लिहावं असं मला वाटत नाही. शिवाय पितळेचं काम एका लिपीचं नाही. रुंद निबला शाईची जीभ लागते, तीही पत्र्याचीच. त्यावर तुम्हीच लिहा ना. तुमचा हात त्यात आहे हे तुमच्या जुन्या प्रतिसादांवरून दिसतं.


बोरू_आणि_दौत (वडोदरा)

लिहितो, आनंदाने.

रुंद निब, मिचेलची असो की ब्राउझची, शाईत बुडवली की दोन-तीन अक्षरांत कोरडी पडते. तिच्यावर शाई धरून ठेवणारा एक छोटा पत्रा बसवतात. मिचेलची सुटी जीभ निबच्या खालून लागते. ती विकत मिळते, पण आपल्याकडे नेहमी नाही, आणि हाताने केलेली जास्त चांगली चालते असा माझा अनुभव आहे. कारण ती निबनुसार जुळवता येते.

इथे २८ गेज अजिबात नको. फार जाड. ०.१ मिमीचा पितळी शिम, म्हणजे अगदी पातळ पत्रा, घ्या, यंत्रांच्या सुट्या भागांच्या दुकानात तो गुंडाळीत मिळतो. साध्या कात्रीने कापतो, ताव द्यावा लागत नाही. आकार असा: मध्ये एक निमुळती जीभ, मागे दोन कान. कान निबच्या बुंध्याच्या दोन्ही कडांवरून वर दुमडायचे, जीभ खालून पुढे जाते आणि तिचं टोक किंचित वर वळवायचं, म्हणजे ते निबच्या पोटाला टेकेल.

सगळी करामत या टेकण्यात आहे. जीभ निबच्या काठापासून सुमारे दोन मिमी मागे थांबली पाहिजे. काठापर्यंत आणली तर कागदाला शाईचा डाग लागतो. फार मागे ठेवली तर शाई जिभेवरच थांबते, काठावर येत नाही. आणि टेकायचं ते अगदी हलकं. जोरात टेकली तर ती चीर उघडते, आणि उघडलेल्या चिरेतून शाई खाली येतच नाही. निब उजेडाकडे धरून बघा. जीभ लावण्याआधी चिरेतून उजेड दिसत नव्हता आणि लावल्यावर दिसू लागला, तर जीभ काढा, टोक थोडं खाली वळवा, पुन्हा लावा. जीभ टेकतच नसेल तर तिच्या आणि निबच्या मधून कागदाचा कपटा सहज सरकेल. तो किंचित अडकत सरकला की बरोबर.

मोठ्या अक्षरांसाठी याच शिमची दुमडलेली लेखणीही होते. चौकोनी तुकडा मधोमध दुमडायचा, समोरची कड गोलसर कापायची, दोन पाने जवळजवळ चिकटलेली ठेवायची आणि मागचा भाग दांड्याला बांधायचा. टोकावर धरली तर केसासारखी रेघ, आडवी पाडली तर बोटभर पट्टा. थंड पेयाच्या डब्याचा पत्राही साधारण ०.१ मिमीच असतो आणि शिकायला तो पुरतो. फक्त कापल्यावर कडा पॉलिश पेपरने घासा, कागद फाडतात त्या. देवनागरीच्या मोकळ्या अक्षरांना या लेखणीसारखी दुसरी लेखणी नाही. फ्लँजवाल्यांनीही एकदा करून बघावी अशी विनंती.


डावरी_लेखणी (इंदूर)

मी डाव्या हाताने लिहिते. फ्लँज उजव्या बाजूला काढून उलटा ओब्लिक करावा का? वर्गात सगळ्यांनी तसंच सांगितलं.


पितळपत्रा

डावरीताई, आधी सरळ टाक वापरून बघा. ओळीच्या खालून लिहिणाऱ्या डाव्या हाताला ५५ अंशांची दिशा बरीचशी आपोआप मिळते. ओब्लिक टाक उजव्या हाताची अडचण सोडवण्यासाठी आहे, तुमच्याकडे ती अडचण मुळात कमी आहे. कागद घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा, चीर आणि रेघ एका ओळीत येते का ते बघा. येत असेल तर फ्लँजच्या वाटेला जाऊच नका. तुम्ही ओळीच्या वरून हात वाकवून लिहीत असाल तर गोष्ट निराळी. मग फोटो टाका, हात बघून कोन ठरवू. वर्गातल्यांनी आरशातला ओब्लिक सुचवला तो चांगल्या मनानेच, पण हात न बघता सुचवला.


डावरी_लेखणी (इंदूर)

खालूनच लिहिते. सरळ टाक, निक्को जी, कागद बराच फिरवला. दोन्ही कडा गुळगुळीत आल्या! एवढे दिवस उगाच ओब्लिक शोधत होते. धन्यवाद काका.


रामबागवाला (इंदूर)

दांड्याबद्दल कुणी लिहिलं नाही. बुधनीच्या खेळणीवाल्यांकडून दुधी लाकडाचा दांडा कातून आणलाय, लाखेचा रंग फार देखणा. त्यात खाच पाडली तर चालेल का? आणि खाच किती रुंद?


चिमटा (इंदूर)

दुधी लाकूड मऊ आणि बारीक रेषांचं, कातायला सुरेख. पण खाचेच्या दोन्ही बाजूंना जी पातळ भिंत उरते ती मऊ लाकडात लवकर दबते आणि फ्लँज सैल होतो. शिसव असेल तर खाच वर्षानुवर्षं टिकते. दुधीचाच वापरायचा असेल तर तोंडाशी पितळी नळीचा छोटा तुकडा चढवा, भिंत फाकणार नाही.

खाच सोनारी आरीनेच पाडा. लाकूडकामाची करवत फार रुंद चीर पाडते. सोनारी पात्यांत तीन-चार नंबरचं पातं साधारण ०.३६ ते ०.३८ मिमीची चीर पाडतं, म्हणजे २८ गेज पत्र्याला जवळजवळ नेमकी. पत्रा जरा ओढून सरकला पाहिजे. सहज सरकला तर फेव्हिकॉलने भरून काढू नका, पाण्याने धुताना सुटतं. त्यापेक्षा शेपटीला मध्ये हलकासा बाक द्या, ती खाचेत स्प्रिंगसारखी बसते.


अनुस्वार (ग्वाल्हेर)

नवा फ्लँज झाला. अंधारात ताव, मग दांड्यावर ठोकून घोटला. निब हलत नाही. आलेख कागदावर टोक मध्यापासून दीड मिमी डावीकडे होतं, ते मधला भाग वाकवून आणलं. दादा, अंगठ्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते शब्दशः खरं आहे. मूठ सैल झाली.

आता दुसरी अडचण. लोहाची काळी शाई वापरते, निबजवळ पितळ हिरवट पडायला लागलंय. आणि नव्या निबवर शाई थेंबाथेंबाने सुटते, पसरत नाही.


पितळपत्रा

अनुस्वार, फार छान! दीड मिमी ऐकायला थोडं वाटतं, पण तेवढ्याने दांडा फिरतो हे आता तुम्हीच अनुभवलंत.

शाई सुटते त्याचं कारण नव्या निबवरचं तेल. गंज चढू नये म्हणून कारखान्यातून ते लावूनच येतं. टूथपेस्ट बोटावर घेऊन निब दोन्ही बाजूंनी चोळा, धुवा, पुसा. काही जण ज्योतीतून फिरवतात, ते करू नका. पोलादाचा कस जातो आणि निब मऊ पडते.

हिरवट रंगाचं कारण शाईतलं आम्ल. लोहाची शाई पोलादाची निबही खाते, म्हणून तिच्याबरोबर निब लवकर बदलावी लागते. लिहून झालं की निब फ्लँजमधून काढा, दोन्ही धुवा आणि कोरडं करून ठेवा. निब फ्लँजमध्ये तशीच ओली राहिली की पितळ आणि पोलाद एकमेकांना लागून असतात, मध्ये आम्ल, आणि गंज पोलादाला धरतो. आधीचा हिरवेपणा लिंबू-मिठाने निघेल, पण लगेच साध्या पाण्याने धुवा. भांडी चमकवायची अमोनियाची द्रावणं मात्र नकोत. ठोकून कडक केलेल्या पितळेत ताण साठलेला असतो, आणि अमोनिया लागला की असं पितळ न वाकवताच तडकतं. बंदुकीच्या पितळी काडतुसांना हिंदुस्थानात पावसाळ्यात तड्या जायच्या, त्याचं हेच कारण पुढे सापडलं. ब्रिटिशांच्या काळात ती तबेल्यांत ठेवलेली असत आणि तिथल्या हवेत अमोनिया असे.


रामबागवाला (इंदूर)

तबेल्याची माहिती नवीनच! दांड्याला नळी चढवली, खाचही पाडली. शेपटीला खिळी मारायची का? कोणती?


पितळपत्रा

मारायची, पण कोन पक्का ठरल्यावरच. आधी नुसत्या खाचेत बसवून चार-आठ दिवस लिहा. या दिवसांत तुम्ही फ्लँज पुढे-मागे सरकवाल, आणि ते सरकवता यायला हवं. वेगळी निब वापरायची ठरली तर फ्लँजही बदलेल.

जागा नक्की झाली की फ्लँज खाचेत असतानाच दांड्याच्या आरपार १ मिमीच्या ड्रिलने भोक पाडा, म्हणजे लाकडातलं आणि पत्र्यातलं भोक एका रेषेत येतं. वेगवेगळी पाडली तर कधीच जुळत नाहीत. ड्रिल हाताने फिरवायचं, यंत्राने दुधी लाकूड फाटेल. खिळी पितळी तारेची घ्या, लोखंडी टाचणी शाईने गंजते आणि मग निघत नाही. तार दोन्ही बाजूंना अर्धा मिमी बाहेर ठेवा, एक टोक ऐरणीवर टेकवून दुसऱ्या टोकावर अगदी हलके ठोके द्या, दोन्हीकडे बारीक डोकं तयार होतं. वरून पॉलिश पेपर फिरवा. ठोके जास्त झाले तर खाचेची भिंत चिरते, म्हणून डोकं दिसायला लागलं की थांबा.


चिमटा (इंदूर)

यात एकच भर. भोक शेपटीच्या मध्यावर न पाडता मागच्या तिसऱ्या भागात पाडा. पुढे पाडलं तर पत्र्याचा सगळ्यात जास्त ताण घेणारा भाग तिथेच कमजोर होतो.